तिसऱ्या कंपनीचा कॅमेरा

६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

विषय कामाचा आहे, म्हणून आधी काम सांगते. खुशाली शेवटी लिहीन, म्हणजे निदान तिच्यासाठी तरी तू हे पत्र शेवटपर्यंत वाचशील.

ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात लागून मला आता पाच महिने झाले. विभाग म्हणजे एक लांबट खोली, उत्तरेच्या दोन खिडक्या, सात लोखंडी कपाटे आणि मी. परवा ग्रंथपालबाईंनी बोलावून सांगितले की सर्व हस्तलिखितांची पानोपान छायाचित्रे काढायची आहेत, त्यासाठी विभागाला स्वतःचा कॅमेरा मंजूर झाला आहे, आणि तो कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे मी ठरवायचे आहे.

मी म्हटले, "बाई, मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही."

"फोटो स्टुडिओत वाढलीस ना? मग माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवू का आता?"

हे पिल्लू पोहायला पुस्तकातून शिकले, हे त्यांना कोण सांगणार? घरी नवा कॅमेरा आला की तू खोके उघडायचीस, बाबा बॅटरी घालायचे आणि मी माहितीपुस्तिका मोठ्याने वाचायचे. "पान बेचाळीस, खबरदारी क्रमांक तीन," एवढे म्हणेपर्यंत तुम्ही दोघे एका सुरात ओरडायचात, "गप गं, पोथे!" बाबांनी आणि तू एकमताने केलेली ती बहुधा शेवटची गोष्ट.

आपल्या घरात कंपन्यांची नावे घेत नाहीत, हे मी बाईंना समजावून सांगितले. बाबांची ती 'पिवळी', कारण तिची खोकी पिवळी. तुझी ती 'लाल', कारण तिच्या भिंगावर लाल रेघ. बाईंनी विचारले, "हे काय राजकीय पक्ष आहेत?" मी म्हटले, "त्याहून कठीण. पक्ष बदलता येतो."

बाबांना विचारण्यात अर्थ नाही. त्यांचे उत्तर तीस वर्षांपूर्वीच ठरलेले आहे. तू पहिल्या पगारातून लाल आणलीस, त्या दिवशी ते जेवताना आईला म्हणाले होते, "हल्ली लोकांना घरचं अळणी लागतं." लेकी बोले सुने लागे. आईने निमूटपणे मिठाची वाटी पुढे सरकवली होती.

म्हणून तुला विचारते. वृत्तपत्राची छायाचित्रकार म्हणून तू रोज दहा तास कॅमेरा वागवतेस. मला कोणती कंपनी मानवेल? फोन करू नकोस. फोनवर तू "बरं आहे, कामात आहे" म्हणतेस आणि मला एकही वाक्य पूर्ण करता येत नाही.

खुशाली : आई ठीक. बाबांचा उजवा गुडघा कुरकुरतो, आणि बाबा गुडघ्यावर कुरकुरतात. ते तुझ्याविषयी विचारत नाहीत. मात्र तुझे वृत्तपत्र रोज घेतात. शब्दकोड्यासाठी, असे म्हणतात. आजवर एकही चौकोन भरलेला मी पाहिला नाही.

तुझी पोथी


१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

माझ्या चार पानांना तुझे उत्तर आले : "हातात धरून बघ." तीन शब्द, तेही मोबाइलवर. काटकसर हा गुण असेल, पण बहिणीवर त्याचा प्रयोग करू नये.

तरीही तुझे ऐकले. चौकातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. जाताना सतरा रकान्यांचा एक तक्ता करून नेला होता. वजन, किंमत, दुरुस्तीची सोय, आवाज, असे सगळे. दुकानदारकाकांनी तो चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "ही परीक्षा कॅमेऱ्याची आहे की माझी?"

त्यांनी आधी पिवळी दिली. ताई, मी ती दोन्ही हातांनी धरली, तरी बटणापर्यंत बोट पोहोचेना. लहानपणी रस्ता ओलांडताना बाबांचा हात धरला की जसे वाटायचे तसे वाटले : फार मोठा, फार भरवशाचा, आणि आपल्यापेक्षा दोन पावले पुढे. शिवाय तिचा आवाज! मी एकदाच दाबले आणि दुकानातले दोघे वळून पाहू लागले. आमच्या वाचनकक्षात एक निवृत्त प्राध्यापक दुपारी मान टाकून वाचतात. पहिल्याच पानाला ते खुर्चीसकट उडतील.

मग लाल दिली. ती हाताला लगेच बसली. मी लगेच खाली ठेवली.

"काय झालं? चावली का?" काकांनी विचारले.

मी "जड आहे" म्हणाले. ती जड नव्हती.

मी निघणार इतक्यात त्यांनी मागच्या फळीवरून तिसऱ्या एका कंपनीचा लहानसा कॅमेरा काढला. त्याच्या माथ्यावर तीन चकत्या आहेत आणि प्रत्येकीवर आकडे कोरलेले आहेत. कॅमेरा बंद असतानाही तो कुठे लावला आहे हे नुसते पाहून कळते. पडद्यावरच्या याद्यांमध्ये शिरावे लागत नाही. ताई, मला तो कॅमेरा वाचता आला! आणि त्याचे बटण दाबले, तर पान उलटल्याइतकाही आवाज झाला नाही.

पण काका प्रामाणिक आहेत. म्हणाले, "एक सांगून ठेवतो. पिवळी किंवा लाल घेतलीस, तर अडीनडीला भिंग मागायला शंभर घरं आहेत. ही घेतलीस, तर या गावात तू एकटीच."

आता सांग. तीन शब्दांहून अधिक सांग.

तुझी पोथी


२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझे पत्र मिळाले. कागदाचे, पाकिटातले, तुझ्या त्या आडव्यातिडव्या अक्षरातले. मी ते कामावर नेले आणि सातव्या कपाटाच्या आड उभी राहून वाचले.

"तक्ता फाड," असे तू लिहितेस. "डोळे मीट, कॅमेरा उचल, उजेड बदलला असं समज आणि न बघता सगळं फिरवून बघ. बोटं शोधत फिरली, तर तो तुझा नाही. बाकी चित्रं सगळ्याच कंपन्यांची चांगली येतात, भांडणं उगाच करतात लोक. आणि दुसरं, ज्याच्याकडे हक्काने भिंग मागता येईल, त्याची कंपनी घ्यावी. कॅमेऱ्यासोबत गोतावळा येतो."

हे दुसरे वाचल्यावर मी पत्र उलटे ठेवले. हक्काने भिंग मागावे अशी मला माणसे दोनच. आणि ती दोघे एकमेकांकडे पेलाभर पाणी मागणार नाहीत.

पत्राच्या तळाशी, बारीक अक्षरात, तू विचारले आहेस : "लाल लगेच खाली का ठेवलीस?"

याचे उत्तर चार वर्षांचे झाले आहे. ते तुलाही ठाऊक आहे, असा माझा समज आहे. पण आपण दोघींनी ते एकमेकींपाशी कधी उच्चारले नाही, म्हणून आज मी पूर्ण वाक्यांत लिहिते.

संगीतशिक्षिकाबाईंचा सत्कार होता. काम बाबांनी घेतले होते आणि तू मदतीला आली होतीस. दिवा सरकला म्हणून बाबा शिडीवर चढले आणि त्यांचा कॅमेरा त्यांनी माझ्याकडे दिला. तूही खुर्च्या सरळ करायला गेलीस आणि तुझा माझ्याकडे दिलास. दोन्ही कॅमेरे एका पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर, आणि पिशवीवर उघडे पुस्तक. परीक्षेला बारा दिवस उरले होते, म्हणून मी वाचत होते, असे मी आजवर स्वतःला सांगत आले. ती कादंबरी होती, ताई.

इतक्यात दार उघडले आणि बाईंची सगळ्यांत पहिली शिष्या आत आली, जिने येणे जमणार नाही असे कळवले होते. दोन वर्षे चाकांच्या खुर्चीत बसलेल्या बाई तिला पाहून उठून उभ्या राहिल्या. तू मागे न पाहता हात केलास आणि म्हणालीस, "दे!" मी पुस्तकातून मान वर न करता पिशवीत हात घातला आणि जो लागला तो तुझ्या हातात ठेवला.

तो बाबांचा होता. तुम्ही दोघेही चित्र स्पष्ट करायला भिंगाचे कडे हाताने फिरवणारे. यंत्रावर सोडणे बाबांनी तुला कधी शिकवलेच नाही. आणि पिवळीचे कडे ज्या दिशेने फिरते, त्याच्या नेमके उलट लालचे फिरते. दीड वर्ष लाल वापरून तुझ्या हाताने नवी दिशा आपलीशी केली होती. तू सवयीने फिरवलेस, चित्र धूसर झाले. आणखी फिरवलेस, आणखी धूसर झाले. तुला उमगेपर्यंत बाई खाली बसल्या होत्या. सगळे मिळून तीन सेकंद. त्या पुन्हा कधी उठल्या नाहीत.

बाबा शिडीवरूनच ओरडले, "माझा कॅमेरा न विचारता उचललास? मग तुझी ती लाल काय दिवे लावत होती?" आणि खाली उतरून, साऱ्या पाहुण्यांसमोर, "कंपनी बदलली की हात घरचा राहत नाही. आता बाईंना पुन्हा उठवू का, तुझ्यासाठी?"

तू एकदा माझ्याकडे पाहिलेस. मी पुस्तक मिटले होते, पण बोट अजून पानात होते. मग तू बाबांना म्हणालीस, "चुकलं." एवढेच.

दोन महिन्यांनी तू ती दूरची नोकरी धरलीस. माझा पहिला क्रमांक आला. त्या दिवशी बाबांनी काढलेल्या माझ्या छायाचित्रात डोळे भरलेले आहेत, आणि पाहणारा प्रत्येकजण म्हणतो, आनंदाश्रू.

म्हणून लाल हातात धरवत नाही. ती हाताला छान बसते, हेच तर दुखते.

तुझी पोथी


६ मार्च

प्रिय ताई,

तू लिहिलेस, "वेडे, मला माहीत नव्हतं असं वाटलं का तुला? कॅमेरा काय आपल्या पायांनी चालत आला माझ्या हातात? पण बाबा तुला एक शब्द जरी बोलले असते, तर तू आठ दिवस जेवली नसतीस आणि पेपरात शून्य लिहून आली असतीस. माझं काय, मला त्यांच्या बोलण्याची सवय होती. मी रागावले ते त्यांच्यावर, तुझ्यावर कधीच नाही. आता मात्र त्यांना सांगत बसू नकोस. त्यांचं वय झालं. झालं ते झालं."

ताई, तुझे सगळे म्हणणे मी आजवर ऐकत आले. हे ऐकले नाही.

काल शनिवार, अर्धा दिवस. मी दुपारी स्टुडिओत गेले. सांगायची तीन परिच्छेदांची कैफियत लिहून पाकिटात ठेवली होती, वाचून पाठही केली होती. बाबा मागचा पांढरा पडदा गुंडाळत होते.

"ठरलं का तुमच्या ग्रंथालयाचं?"

"ठरलं. तिसरी."

"तिसरी कोण?"

मी नाव घेतले. आपल्या घरात उच्चारले गेलेले ते कंपनीचे पहिलेच नाव असावे. बाबांनी पडदा तसाच धरून ठेवला.

"छान! थोरली पलीकडे गेली, धाकटी कुंपणावर बसली. घरात उरलो मी एकटा."

"बाबा, तुमची हाताला मोठी होते मला."

"आणि तिची?"

चार वर्षांत त्यांनी तुझ्याविषयी काही विचारलेले मी प्रथमच ऐकले. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"तिची छान बसते. पण हातात घेतली की तो सत्कार आठवतो."

"त्यात तुला आठवायचंय काय? न विचारता माझा कॅमेरा उचलला तिनं, आणि—"

"तिनं उचलला नाही. मी दिला."

तीन परिच्छेद पाकिटातच राहिले.

"दिला म्हणजे?"

"तिनं हात मागे केला आणि मी न बघता दिला. वाचत होते."

"अभ्यास?"

"कादंबरी."

बाबांनी पडदा पूर्ण गुंडाळला. मग कोणी सांगितल्यासारखा पुन्हा उलगडला.

"आणि ती गप्प बसली? का?"

"माझी परीक्षा होती."

"बारा दिवसांवर," बाबा म्हणाले. त्यांना तो आकडा पाठ होता.

तेवढ्यात एक नवराबायको पारपत्राची छायाचित्रे काढायला आली. बाबांनी त्यांना बसवले. "हनुवटी थोडी वर. खांदे सैल. हसू नका." बायकोला नेमके तेव्हाच हसू येत राहिले. बाबा एरवी अशा वेळी वैतागतात. काल ते थांबले, ती पुरेशी हसून घेईपर्यंत. ती दोघे गेल्यावर त्यांनी पाटी फिरवली. साडेतीन वाजले होते. त्यांनी स्टुडिओ एवढ्या लवकर बंद केल्याचे मला आठवत नाही.

ते मला रागावले नाहीत. मी चार वर्षे त्या रागाची तयारी केली होती. ती वाया गेली, आणि मला कसेसेच झाले. घरी येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले : "मी विचारायला हवं होतं."

तुला की मला, ते मी विचारले नाही.

तू माझ्यावर रागावली असशील. रागाव. पण सविस्तर रागाव.

तुझी पोथी


१३ मार्च

प्रिय ताई,

आज सकाळी बाबा म्हणाले, "चल, तुझ्या त्या दुकानात." मला वाटले, तिसरीवर मत द्यायला. बाबांना आत शिरताना पाहून दुकानदारकाका खुर्चीतून उठले.

"तुम्ही? स्वतः?"

"लाल दाखव."

काकांनी कानाला हात लावला. "पुन्हा म्हणा. साक्षीदार बोलावतो."

"दाखवतोस की जाऊ?"

बाबांनी लाल घेतली, उलटीपालटी केली आणि चित्र स्पष्ट करण्याचे काम यंत्राकडून काढून हाताकडे घेतले. मग मला म्हणाले, "बाहेर जा. त्या खांबापासून माझ्याकडे चालत ये." मी चालत आले. "पुन्हा." पुन्हा आले. ताई, मी त्या फुटपाथवर चौदा वेळा चालले. समोरचा चांभार पहिल्या चारपाच खेपांना नुसता पाहत होता, मग त्याने विचारले, "काय झालं ताई, चपलेत काही आहे का? इकडे दाखवा." काका दारात उभे राहून मोजत होते.

चौदांपैकी नऊ चित्रे धूसर आली. मी पडद्यावर पाहिली. त्यांत मी म्हणजे चष्मा घातलेले धुके आहे.

बाबा बराच वेळ ती पुढेमागे करून पाहत होते. मग काकांना नव्हे, मला नव्हे, कॅमेऱ्याकडे पाहूनच म्हणाले, "मला माहितीय की उलटं फिरवायचं. मनाशी घोकतोय. तरी हात जुन्याच वाटेनं जातोय. हातात माझा आहे हे तिला तर माहीतही नव्हतं, आणि तीन सेकंद होते."

काकांना संदर्भ कळला नसावा, पण माणूस शहाणा आहे, ते पाणी आणायला आत गेले.

त्यानंतर बाबांनी तिसरी मागितली. डोळे मिटून तिच्या चकत्या फिरवल्या आणि "अक्षर बरं आहे हिचं," एवढा शेरा दिला. जवळून पाने टिपायला भिंग कुठून आणणार, असे त्यांनी विचारले.  काका म्हणाले, मधे एक अडॅप्टर बसवला की या कॅमेऱ्याला दुसऱ्या कंपनीची जुनी भिंगे चालतात. बाबांनी लगेच सांगितले, "माझं नाण्यांचे फोटो काढायचं भिंग आहे ना, ते ने. वापरून आणून दे, हरवू नकोस." सोमवारी कॅमेरा विभागात येईल. ग्रंथपालबाईंना कारणे लेखी हवी आहेत. मी दीड पान लिहिले आहे आणि त्यात घरचे काहीही नाही.

जेवणानंतर बाबांनी आईकडे तुझा नंबर मागितला. आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुमच्याच फोनमध्ये आहे. पहिलाच. मी घालून ठेवलाय." कधी, असे बाबांनी विचारले. "ती गेली त्या दिवशी," आई म्हणाली आणि नळ मोठा सोडला.

बाबांनी मला खोलीबाहेर जायला सांगितले. मी दार ओढून घेतले. त्यामुळे तुमच्यात काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही आणि तुला विचारणारही नाही. आतून मला फक्त बाबांचे "हं" ऐकू येत होते, आणि दोन "हं"मधली अंतरे फार लांब होती. एकदा ते हसले. एकदा म्हणाले, "नाही गं, तुझीच आण." काय आणायचे आहे याचा तर्क मी करू शकते. आईने मघाशी मला तुझ्या कॉटवरची माझी पुस्तके उचलायला सांगितली आहे. कारण विचारले, तर "धूळ बसते," म्हणाली.

बावीस मिनिटांनी बाबा बाहेर आले. मी दाराशी शब्दकोश उघडून बसले होते.

"तिला सर्दी झालीय," ते म्हणाले.

"हो का?"

"चांगलीच झालीय. बोलता बोलता थांबत होती, नाक ओढत होती." त्यांनी पेलाभर पाणी घेतले, ते प्यायला बराच वेळ लावला, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "फोनवरून लागत असेल का गं? मलाही झाल्यासारखी वाटते."

तुझी पोथी